वेस बुटकी कशानं झाली

वेस पाडायचा ठराव झाला तेव्हा मारुतीच्या देवळात बसलेल्या सगळ्यांचे हात वर होते, माझा नव्हता. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण आता गावात ज्याला त्याला वाटतं की वेस आपणच वाचवली. वाटू द्यावं. पण त्या दिवशी मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो आणि ते सगळ्या देवळानं बघितलंय.

धारूरचा घाट उतरून केजच्या अंगाला आलं की आमचं गाव लागतं. तीन बाजूंनी ओढा आणि दरड, त्यामुळं गाडीवाट एकच, ती वेशीतून. काळ्या दगडाची कमान, उजव्या हाताला अर्धा बुरूज आणि आत दोन्ही बाजूंना देवड्या. देवडी म्हणजे भिंतीत ओट्यासारखी काढलेली बसायची जागा. पूर्वी तिथं राखणदार बसायचे, आमच्या काळात शेळ्या बसायच्या. लाकडी दारं माझ्या आज्याच्याही आधी कुठं गेली कुणाला ठाऊक. पोळ्याला वेशीत तोरण बांधतात आणि त्याखालून पहिला बैल आमच्या घरचा जातो. हा मान आम्हाला कुणी दिला ते मला सांगता यायचं नाही, पण तो काढून घ्यायची हिंमत अजून कुणी केलेली नाही.

आता संस्थेचं सांगतो. दुष्काळ आमच्याकडं पाहुण्यासारखा येत नाही, जावयासारखा येतो. आला की मुक्काम ठोकतो. मग अर्धं गाव कोयता घेऊन ऊस तोडायला निघतं, ते दसऱ्याला गेलं की पाडव्याला परत. इकडं माळवदाची घरं कुलपात. माळवद म्हणजे मातीचं धाबं, त्याला माणूस लागतं. दरसाल वर पांढरी माती टाकावी लागते, धुम्मस मारून ती ठोकून बसवावी लागते, उंदरांची बिळं बुजवावी लागतात. माणूस उसाच्या फडात आणि घर एकटं, मग घर रुसतं. एक दिवस तुळई मोडून खालीच बसतं. असं करत करत गावाच्या उगवतीची सगळी आळी बसली, तेव्हा लोकांनी घरबांधणीची सहकारी संस्था काढली. चेअरमन झाला माझा लहानपणचा सोबती. त्याच्या घरची जमीन ओढ्याच्या दोन्ही काठांना, कारखान्याच्या निवडणुकीत त्याच्या शब्दाला वजन. आम्ही दोघं एका वर्गात बसलेलो. तो पुढं शिकायला केजला गेला, मी दुसरीतून गुरांमागं गेलो. तरी आजही एकमेकांना ‘बे’च म्हणतो.

बीडहून इंजिनेर आला. त्यानं पडक्या आळीचा नकाशा काढला. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना सारखी घरं, प्रत्येकाला न्हाणी आणि खिडकी. तिसरं घर आमचं होतं. आमच्या कारभारणीला नकाशा वाचता येत नव्हता, पण खिडकी कुठं आहे ते तिनं विचारून घेतलं आणि त्या जागेवर बोट ठेवून बघितलं. ते बोट मी पाहिलं होतं, म्हणून पुढचं सगळं मला जास्त जड गेलं.

अडचण वेशीची होती. कमान बुटकी. कडब्याची गाडी आत घेताना वरच्या पेंढ्या घासायच्या, आणि ट्रकचा तर टपच अडायचा. घरांच्या छताला सिमेंटचे तयार पाट यायचे होते, ते काही गाढवावर येणारे नव्हते. गाढवाचं मी सुचवून बघितलं होतं. लोक इतके हसले की मी दुसऱ्यांदा सुचवलं नाही. शिवाय त्या साली पाण्याचा टँकरही वेशीबाहेरच थांबायचा आणि पलीकडच्या टोकाच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन अख्खं गाव ओलांडायच्या. इंजिनेरनं कमानीला टेप लावला, वर बघितलं, खाली लिहिलं, आणि सांगितलं की हिला काढल्याशिवाय काम उभं राहणार नाही.

सगळ्यांना पटलं. मलाही डोक्यानं पटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण हात वर जाईना.

मंजुरीच्या कागदावर सगळ्या सभासदांची सही लागणार होती. बाकीच्यांनी सह्या केल्या, अंगठे उठवले. मी सही करतो, अंगठा देत नाही. माझ्या नावाला अक्षरं बरीच आहेत आणि एकेक काढायला वेळ लागतो, पण मी काढतो. त्या दिवशी काढली नाहीत. चेअरमन घरी आला, माझ्या बाजेवर बसला, आणि आधी बैलाची चौकशी करून मग विषयावर आला.

“कावून आडवा येतो बे? लोकायची घरं अडकलीत.”

मी म्हणलं, “वेस आडवी हाय, मी न्हाई.”

तो म्हणाला की इंजिनेर साहेबानं आठ दिवस दिलेत, मिरगाच्या आत छत पडलं नाही तर लोक पुन्हा पालात राहतील, आणि दसऱ्याला परत ऊस तोडायला जातील तेव्हा घर नावाची गोष्टच मागं राहणार नाही. खरं बोलत होता. मग त्यानं विचारलं की वेशीचा मला एवढा कसला पुळका. मी म्हणलं, पोळ्याचं तोरण कशाला बांधायचं मग, विजेच्या खांबाला? तो उठून गेला. जाताना म्हणाला, आठ दिवस.

त्या दिवसापासून कारभारीण माझ्याशी बोलेनाशी झाली. बोलायची ते बैलाशी. सकाळी पेंड ठेवताना त्याच्या कानात, पण मला ऐकू येईल अशा बेतानं सांगायची की बाबा, तुझ्या धन्याला म्हणावं भाकरी टोपल्यात हाय. दुपारी सांगायची, धन्याला म्हणावं कोरड्यासाची डाळ सरली, आता वेशीतले दगड शिजवते. एकदा तर त्याला म्हणाली, तुला तरी गोठ्याला दार हाय, मला खिडकी बी मिळायची न्हाई. बैल कान हलवायचा. माझ्यापेक्षा त्यालाच जास्त समजत होतं.

कुणीतरी म्हणालं की जुन्या वास्तू राखायचं सरकारात एक खातं असतं, धारूरच्या किल्ल्यावर त्यांची पाटी आहे. मी पागोटं बांधलं, केजहून बीडची एसटी धरली आणि कचेऱ्या फिरलो. पहिल्या ठिकाणी म्हणले दुसरीकडं, दुसऱ्या ठिकाणी म्हणले जेवणाची सुट्टी. शेवटी एक चष्मेवाला कारकून भेटला. माणूस भला होता. त्यानं मला खुर्ची दिली आणि यादी उघडून आमचं गाव शोधलं. गाव नव्हतं. मग विचारलं, वेशीवर काही लिहिलेलं आहे का, कुण्या राजाचं नाव, निजामाचा शिक्का? मी म्हणलं लिहिलेलं काही नाही, पण माझा आजा तिच्यात बसायचा. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. म्हणाला, यादीत नसलेल्या वेशीसाठी मी काही करू शकत नाही बाबा, पण तुम्हाला तिच्याबद्दल जेवढं आठवतं तेवढं कागदावर लिहून आणा, वरच्या साहेबापुढं ठेवतो. आणि दोन कोरे कागद दिले.

परत येऊन मी इतिहास गोळा करायला लागलो. आधी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं. एक म्हणाला वेस निजामाच्या सरदारानं बांधली. दुसरा म्हणाला छे, पेंढाऱ्यांच्या भीतीनं गावकऱ्यांनीच बांधली. तिसऱ्याच्या मते ती एका रात्रीत भुतांनी बांधली आणि कोंबडा आरवला म्हणून डावा बुरूज राहून गेला. तिघं एकाच पारावर बसले होते आणि मी उठलो तेव्हा तिघंही एकमेकांशी बोलत नव्हते.

मग ठरवलं की ऐकीव काही लिहायचंच नाही. आपल्या डोळ्यांनी बघितलं तेवढं लिहायचं. सहावा दिवस होता. ऊन चढलेलं, घरात बसावं तर बैलाशी बोलणं ऐकावं लागायचं, म्हणून कागद, पेन्सिल आणि मांडीवर धरायला पाट घेऊन वेशीत गेलो. शेळ्या हाकलल्या आणि उजव्या देवडीवर बसलो.

माझं लिहिणं म्हणजे नांगरट. एक ओळ झाली की थांबायचं, घाम पुसायचा. पहिली ओळ लिहिली की वेस काळ्या दगडाची आहे. दुसरी लिहिली की सावली चांगली आहे. तिसरी ओळ बापाची लिहायला घेतली. तो संध्याकाळी ह्याच देवडीवर बसायचा आणि मला बगलेत धरून वर उचलून घ्यायचा, कारण मला चढता यायचं नाही. तो उंच माणूस होता, पण देवडीवर बसला की त्याचेही पाय खाली टेकायचे नाहीत. लोंबते पाय हलवत तो येणाऱ्या-जाणाऱ्याला राम राम घालायचा, आणि मी त्याच्या पायातल्या वहाणांकडं बघत बसायचो, आता पडतील, मग पडतील म्हणून.

‘पाय टेकायचे नाहीत’ एवढं लिहून झालं. घाम पुसायला थांबलो तर माझे पाय सपाट जमिनीवर, आणि गुडघे छातीशी.

मी बापापेक्षा उंच नाही. चार बोटं कमीच भरेन.

उठलो, परत बसलो. पलीकडच्या देवडीवर बसून बघितलं. तिथंही तेच. इतकी वर्षं शेळ्या उडी न मारता चालत देवडीवर जात होत्या आणि आम्हा शहाण्या माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. देवडी काही खाली बसली नव्हती, तिचा दगड जागच्या जागी होता. रस्ता वर आला होता. वेस बुटकी नव्हतीच, ती गुडघ्याच्या वरपर्यंत पुरली गेली होती.

आता हे कुणी केलं, हे मला कुणाला विचारायची गरज नव्हती. मलाच माहीत होतं.

बहात्तरच्या दुष्काळात गावाला रस्त्याचं काम निघालं, वेशीपासून फाट्यापर्यंत. टोळीचा मुकादम मी. रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकर आणि कामावर मिळणारी सुकडी खाऊन लोक दिवसभर राबायचे. गडी खाणीतून मुरूम आणि दगड आणायचे, बाया खडी फोडायच्या. झाडाला पान नव्हतं. अख्ख्या रस्त्यावर सावली होती ती एकट्या वेशीत. म्हणून मी म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या आणि दिवस गेलेल्या बायांना वेशीत बसवलं. बाया तिथं, म्हणून दगडाच्या पाट्या तिथंच रिकाम्या व्हायच्या. फोडलेली खडी उचलून लांब न्यायला कुणाच्या अंगात जोर उरलेला नसायचा, मग सांजेला आहे तिथंच पसरायची आणि धुम्मस मारायचा. वरचा साहेब यायचा, सपाट बघायचा आणि जायचा. काम सहा महिने चाललं. त्यानंतर जेव्हा जेव्हा दुष्काळ पडला तेव्हा तेव्हा तोच रस्ता निघाला, तोच मुकादम, तीच सावली. फाट्याकडचा मुरूम दर पावसाळ्यात वाहून जायचा, वेशीतला तेवढा राहायचा. आणि हा रस्ता मी केला म्हणून मी बारा गावांत छाती काढून सांगत होतो.

घरी जाऊन पहार आणि टिकाव आणला. उजव्या देवडीच्या पुढं खणायला सुरुवात केली. वर माती, खाली लाल मुरूम, त्याखाली काळी खडी, मग पुन्हा मुरूम. एकेका दुष्काळाचा एकेक थर, टोपल्यातल्या भाकरींच्या चवडीसारखा. दोन बाया हंडे घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या. मग पारावरचे तिघं म्हातारे आले, एकमेकांकडं न बघता. अर्ध्या तासात निम्मं गाव जमलं आणि चेअरमनही आला.

“काय उकरतो बे? धन घावलं का?”

“तुझ्या ट्रकचा रस्ता घावायचाय,” मी म्हणलं, आणि पहार मारली. ती दगडावर वाजली, पण वेगळी वाजली. हातानं माती सारली तर खाली घडीव फरशी, गाडीच्या चाकानं चाकोरी पडलेली. बाजूला एक गोल खड्ड्याचा दगड निघाला. पारावरच्या म्हाताऱ्यांपैकी एकानं ओळखला, जुन्या दाराचा खुंटा ज्यात फिरायचा ते उखळ. मी खड्ड्यात उभा होतो आणि रस्ता माझ्या कमरेला लागत होता.

चेअरमननं वर कमानीकडं बघितलं, खाली माझ्याकडं बघितलं. हिशोबी माणूस, त्याला लगेच उमगलं. पण लोकांत कुजबुज सुरू झाली की एवढा भराव टाकला कुणी. कुणी म्हणालं निजामानं, कुणी म्हणालं पुरानं. मी तसंच राहू दिलं असतं तर राहिलं असतं. मनात आलंही. पण एक तर इतिहास डोळ्यांनी बघितलेलाच लिहायचा असं मीच ठरवलं होतं, आणि दुसरं म्हणजे आमची कारभारीण गर्दीच्या मागं उभी होती.

मी म्हणलं, “निजामानं न्हाई. हिला बुटकं मी केलं. बाया सावलीला बसवल्या आन खडी हितंच दाबली. चूक माझी हाय.”

माझ्या तोंडून ‘चूक माझी’ हे शब्द गावानं पहिल्यांदा ऐकले. चेअरमनला ही संधी सोडवत नव्हती. तो म्हणाला, आरं मुकादमा, म्हंजी तीस दुष्काळी बायांच्या सावलीपायी तू अख्खी वेस पुरली? आता लोक हसतील म्हणून मी पहार घट्ट धरली.

तेवढ्यात कारभारीण पुढं आली. बहात्तरला आमचं थोरलं लेकरू तिच्या पोटात होतं आणि ती डाव्या देवडीला टेकून खडी फोडायची. तिनं पदर खोचला, खड्ड्याच्या काठावर उभी राहिली आणि सहा दिवसांत पहिल्यांदा बैलाऐवजी माझ्याशी बोलली.

“सरका तिकडं. टाकली आमी व्हती, आमीच काढू.”

असं म्हणून तिनं घमेलं उचललं. तिच्या मागं त्या वेळच्या जेवढ्या बाया हयात होत्या तेवढ्या आल्या. काहींना धड वाकता येत नव्हतं, त्या देवडीवर बसून हुकूम सोडत होत्या. गडी माणसांना मग घरी जाऊन फावडी आणण्याशिवाय गत्यंतर राहिलं नाही. चेअरमननंही धोतर वर खोचलं, फोटो असता तर निवडणुकीला कामी आला असता.

सातव्या आणि आठव्या दिवशी सगळं गाव खणत होतं. वेशीतलं काढलं, दोन्हीकडं उतार काढला. आठव्या दिवशी इंजिनेर आला तो सही न्यायला. त्यानं गाडी उभी केली, टोपी काढली, आणि म्हणाला पाया उघडा पडेल, कमान बसेल. मी त्याला हात धरून फरशीपर्यंत नेलं आणि दाखवलं की पाया अजून खालीच आहे, आम्ही नुसती चादर काढलीय. त्यानं टेप काढला. एक टोक माझ्या हातात दिलं आणि फरशीवर धरायला सांगितलं. वर बघितलं, खाली लिहिलं, मग लिहिलेलं खोडून नकाशावर निळ्या पेन्सिलीनं एक कमान काढली. मी तिथंच, देवडीच्या दगडावर कागद ठेवून सही केली. सगळी अक्षरं काढली. तो थांबून राहिला.

पहिला आत आला तो पाण्याचा टँकर. ड्रायव्हर घाबरत होता, दर हाताला थांबून डोकं बाहेर काढायचा. वर वीतभर जागा ठेवून टँकर मारुतीच्या पारापर्यंत गेला आणि पलीकडच्या टोकाच्या बायांनी ड्रायव्हरलाच हळदकुंकू लावलं. मग ट्रक आले, पाट आले. आणि वेशीतून निघालेला मुरूम कुठं टाकायचा हा प्रश्न चेअरमननं सोडवला, हे त्याचं श्रेय मी त्याला देतो. घरांची जोती भरायला मुरूम लागणारच होता. त्या बायांनी फोडलेली खडी त्यांच्याच घरांखाली गेली. आमच्या जोत्यात काळी खडी जास्त निघाली. कारभारीण म्हणायची ही बहात्तरची हाय, मी वळखते.

सगळं गोडच झालं असं नाही. त्या साली पाऊस बरा झाला आणि सखल वेशीत गुडघाभर पाणी साचलं. वेस म्हणजे गावतळं झालं. चेअरमन काठावर उभा राहून म्हणाला, मुकादमा, आता मासे सोड. मला एकट्याला चार दिवस खपून ओढ्यापर्यंत चर काढावा लागला, कारण एकदा चूक कबूल केली की पुढच्या सगळ्या चुकाही लोक आपल्याच नावावर टाकतात. पोळ्याला आमचा बैल तोरणाखालून गेला तेव्हा उतारावर जरा घसरला, त्याचंही मलाच बोललं गेलं.

बीडच्या कारकुनाला मी कागद नेऊन दिला. तीन ओळींच्या दहा झाल्या होत्या. यादीत आमची वेस अजूनही नाही. तो म्हणाला होता बघू, आणि तो आता रिटायर झाला.

घर झालं. खिडकी बोट ठेवलं होतं तिथंच आली. पण सिमेंटचं छत उन्हाळ्यात असं तापतं की त्यावर भाकर भाजावी. माळवदाखाली दुपारी झोप लागायची, ह्याच्याखाली माणूस शिजतो. म्हणून चैत्र लागला की आमची कारभारीण दुपारचं निवडण-टिपण सुपात घेऊन वेशीत जाते आणि डाव्या देवडीवर बसते. तिला आता वर चढायला एक दगड ठेवावा लागतो. ज्या घरापायी ती माझ्याशी बोलत नव्हती ते घर कुलूप लावून पडतं आणि मी समोरच्या देवडीवर बसून तिला ते रोज आठवून देतो. ती ऐकून न ऐकल्यासारखं करते, डाळीतले खडे काढते, आणि तिचे पाय जमिनीपासून हातभर वर हलत असतात.